भाकरी किती? कोरड्यास किती?

१. आधी साखरेचा हिशोब

आपल्याला आता वाचता येते. आकडे मांडता येतात. बेरीज-वजाबाकी जमते. तर आज एक हिशोब करू. हा हिशोब बियाण्याचा नाही, खताचा नाही, सोसायटीच्या कर्जाचाही नाही. हा आपल्या घरातल्या साखरेच्या डब्याचा हिशोब आहे.

एका घरात पाच माणसे आहेत. महिन्याला पाच किलो साखर लागते. पाच किलो म्हणजे ५,००० ग्रॅम. महिन्याचे दिवस ३०. म्हणजे रोजची साखर झाली १६६ ग्रॅम. तिचे पाच वाटे केले, की माणशी ३३ ग्रॅम. चहाचा एक सपाट चमचा म्हणजे साधारण ५ ग्रॅम. म्हणजे माणशी रोज सहा-सात चमचे साखर.

ही झाली फक्त डब्यातली साखर. गूळ वेगळा. बिस्किटांचा पुडा वेगळा. हॉटेलातला चहा वेगळा. लग्नातली बुंदी आणि जिलेबी वेगळी. रंगीत थंड पेयाची लहान बाटली घेतली, २५० मिलिलिटरची, तर तिच्यात पंचवीस ग्रॅमच्या आसपास साखर असते. म्हणजे एका दमात पाच चमचे!

मग किती साखर चालते? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली याचे माप सांगितले आहे. वरून घातलेली सगळी साखर, गूळ आणि मध मिळून मोठ्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅमच्या आत असावी. २५ ग्रॅमच्या आत असली तर अधिक बरे. मुलांना याहूनही कमी. २५ ग्रॅमने हिशोब केला, तर पाच मोठ्या माणसांच्या घराला महिन्याला पावणेचार किलो होतात. त्यातच गूळ आला, त्यातच बिस्किटे आली आणि त्यातच सणवार आला.

आता आपल्या घरचा आकडा वहीत लिहा. दुकानदाराच्या चिठ्ठीवर तो सापडेल.

२. भाकरीची साखर कशी होते?

काही जण म्हणतील, "आम्ही गोड खातच नाही. आम्हाला कसली साखर?" हे म्हणणे अर्धेच खरे आहे.

भाकरीचा एक कोरडा तुकडा तोंडात घ्या. लगेच गिळू नका. सावकाश चावत राहा. थोड्या वेळाने तो तुकडा गोडसर लागेल. कोणी साखर घातली? कोणीच नाही. धान्यात पिष्ट असते. तोंडातली लाळ त्या पिष्टाची साखर करू लागते. पुढचे काम आतडी करतात. भाकरी असो, पोळी असो, भात असो, बटाटा असो की साबुदाणा असो, पोटात गेल्यावर त्यातल्या पिष्टाची साखर होते आणि ती रक्तात उतरते. पिष्ट आणि साखर यांना मिळून कर्बोदके म्हणतात.

कर्बोदके वाईट नाहीत. ती अंगाचे सरपण आहेत. चालायला, बोलायला, ओझे उचलायला ती लागतात. पण सरपणही चुलीला पाहिजे तेवढेच घालतात.

रक्तातल्या साखरेचे पुढे काय होते? जालन्याचा मोंढा डोळ्यासमोर आणा. सुगीत मालाच्या गाड्या येतात. हमाल पोती उचलतात आणि गोदामात नेऊन रचतात. रस्ता मोकळा राहतो. आपल्या अंगातही असेच चालते. रक्त हा रस्ता. साखर ही पोती. स्नायू आणि यकृत ही गोदामे. आणि पोती आत नेणारा हमाल म्हणजे इन्शुलीन नावाचा रस. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा अवयव असतो. तो हा रस तयार करतो.

आता असे समजा, की गाड्या येतच राहिल्या आणि गोदामातला माल बाहेर निघेना. गोदाम गच्च भरले. हमाल दार ठोठावतात, पण आत जागा नाही. मुकादम आणखी हमाल बोलावतो. काही वर्षे असेच रेटून नेतो. शेवटी हमाल थकतात. काही काम सोडून जातात. पोती रस्त्यावर पडून राहतात. रक्तात साखर अशीच पडून राहिली, की त्या रोगाला मधुमेह म्हणतात. आपल्याकडे लोक नुसते "साखर झाली" असे म्हणतात.

गोदाम रिकामे कसे होते? काम केल्याने. चालल्याने. अंगमेहनतीने. स्नायू काम करतात, तेव्हा ते साठलेली साखर वापरतात आणि नव्या साखरेला जागा होते.

हा रोग नुसत्या साखरेनेच होतो, असे मात्र समजू नका. आई-वडिलांना असला, तर मुलांना होण्याचा संभव वाढतो. पोटावरची चरबी, बसून राहणे, वाढते वय ही कारणेही आहेत. लहान मुलांना होणारा मधुमेहाचा एक प्रकार तर खाण्यामुळे होतच नाही. त्यांचे स्वादुपिंड इन्शुलीन करायचे थांबते. अशा मुलांना ते टोचूनच द्यावे लागते. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातल्या टोरोंटो शहरात चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्शुलीन टोचले. त्याआधी अशी मुले थोड्याच काळात मरत असत. म्हणून अशा मुलाला किंवा त्याच्या आईला दोष देऊ नये.

३. पूर्वी चालत होते, आता का चालत नाही?

आपले आजे-पणजे पाच-पाच भाकऱ्या खात. त्यांना कुठे साखर होत होती? हा प्रश्न पारावर नेहमी निघतो. त्याचे उत्तर त्यांच्या कामात आहे.

ते पहाटे मोट हाकीत. दिवसभर औत धरीत. बाया जात्यावर दळीत, विहिरीचे पाणी शेंदीत आणि डोक्यावर सरपण आणीत. बाजाराला पायी जात आणि पायी येत. पाच भाकऱ्यांचे सरपण त्या कामात जळून जाई.

आता विहिरीवर मोटार आहे. शेतात ट्रॅक्टर आहे. दळण गिरणीत होते. वस्तीवरून गावात यायला मोटारसायकल आहे. हे चांगलेच झाले. कष्ट कमी झाले, याचे वाईट कोण मानील? पण काम घटले आणि भाकऱ्या तेवढ्याच राहिल्या. वर चहा आला, बिस्किट आले आणि दोन्ही वेळचा भात आला.

आपले पीकही बदलले. जालना जिल्ह्यात आज कापूस आणि सोयाबीन ही मोठी पिके आहेत. ज्वारी-बाजरीचे रान कमी झाले. तूर, मूग, हरभरा पिकतो, पण बराचसा बाजारात जातो. रेशनवर मुख्यतः गहू आणि तांदूळ मिळतो. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळते. त्या धान्याने गरिबाची चूल पेटती ठेवली. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडली, लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या आणि सुकडीवर दिवस काढले, त्यांना पोटभर धान्याची किंमत सांगायला नको. उपाशी माणसाला पहिल्यांदा धान्यच लागते.

पण पोट भरणे वेगळे आणि अंग पोसणे वेगळे. तूर विकली आणि नुसता भात खाल्ला, तर पोट भरते, पण अंगाला लागणारी प्रथिने कमी पडतात. प्रथिनांनी स्नायू बनतात. स्नायू म्हणजे साखरेचे मोठे गोदाम. गोदामच लहान राहिले, तर पोती कुठे ठेवणार?

४. बारीक माणसालाही साखर होते

"मी तर काडीसारखा आहे. साखर जाड्या माणसाला होते." हा समज खोटा आहे. तो खोटा कसा, हे आपल्या महाराष्ट्रातल्याच संशोधनाने दाखवले आहे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत काम सुरू केले. आई काय खाते, किती राबते, बाळ केवढे होते, हे त्यांनी मोजून लिहिले. त्या खेड्यांतल्या बाळांचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टन शहरातल्या बाळांचे वजन सरासरी ३.५ किलो होते. आपली बाळे लहान होती. हातापायांवर मांस कमी होते. पण अंगातली चरबी मात्र त्या मानाने कमी नव्हती. म्हणजे बाळ दिसायला बारीक, आतून चरबीचे.

२००४ साली डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी स्वतःचीच मापे छापली. उंचीच्या मानाने वजन दोघांचे अगदी सारखे होते. पण इंग्रज डॉक्टरांच्या अंगात शंभरास नऊ भाग चरबी निघाली, तर डॉ. याज्ञिकांच्या अंगात शंभरास एकवीस भाग! तराजूला हा फरक कळत नाही.

या संशोधनातून आणखी एक गोष्ट कळली. ज्या गरोदर बायांच्या जेवणात पालेभाज्या, फळे आणि दूध जास्त वेळा होते, त्यांची बाळे वजनाने चांगली होती. म्हणजे सुनेच्या ताटातली मेथीची भाजी ही पुढच्या पिढीची ठेव आहे.

आपल्या पोटावर चरबी आहे का, हे घरी पाहता येते. आपल्या उंचीएवढी सुतळी घ्या. ती मधोमध दुमडा. दुमडलेली सुतळी बेंबीजवळ पोटाभोवती गुंडाळा. दोन टोके भेटली तर ठीक. भेटली नाहीत, तर पोट वाढले आहे. मग माणूस बारीक असो की जाड असो, रक्त तपासून घ्यावे.

५. हा रोग मुका आहे

ताप आला तर अंग तापते. हाड मोडले तर दुखते. साखर वाढली तर पहिली काही वर्षे काहीच दुखत नाही. माणूस शेतात जातो, बाजार करतो, लग्नात जेवतो आणि आत नासाडी चालूच असते.

पुढे तहान फार लागते. रात्री लघवीला तीन-चार वेळा उठावे लागते. थकवा येतो. वजन उतरते. नजर धूसर होते. जखम लवकर भरत नाही. पायाला मुंग्या येतात आणि मग पाय बधिर होतो. बधिर पायात काटा मोडला तरी कळत नाही. जखम चिघळते आणि कधी बोट, तर कधी पाय कापावा लागतो. डोळ्यांच्या पडद्याला इजा होते. मूत्रपिंडे निकामी होतात. हृदयाचा झटका आणि लकवा यांचा धोका वाढतो.

जास्त साखरेचे आणखीही तोटे आहेत. मुलांचे दात किडतात. यकृतात चरबी साठते, आणि ती दारू न पिणाऱ्याच्याही यकृतात साठते.

हा रोग फक्त शहरातल्या शेठ लोकांचा राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली छापून आले. देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

म्हणून तपासणी हवी. तीस वर्षांवरच्या माणसांची साखर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात तपासतात. त्याला पैसे पडत नाहीत. आकडे असे वाचावेत :

सकाळी उपाशीपोटी : १०० च्या आत ठीक. १०० ते १२५ म्हणजे उंबरठा. १२६ आणि वर म्हणजे मधुमेहाचा संशय पक्का करायला हवा.

गोळी घेत नसलेल्या माणसाला ग्लुकोजचे पाणी देऊन दोन तासांनी तपासले तर : १४० च्या आत ठीक. १४० ते १९९ उंबरठा. २०० आणि वर मधुमेह.

बोट टोचून आलेला आकडा जास्त असेल, तर दवाखान्यात शिरेतले रक्त तपासून खात्री करून घ्यावी.

६. उपकेंद्रातले बोलणे

अंबड तालुक्यातल्या एका गावात असे बोलणे झाले, असे समजा. मामा आणि मामी उपकेंद्रात आले आहेत. मामांच्या पायाला फडके गुंडाळले आहे.

नर्सबाई : या मामा, बसा. पायाला काय झालं?

मामा : काही नाही ताई. बाभळीचा काटा मोडला होता. होईल बरं.

मामी : दोन महिने झाले त्याला! बरं होईना. मीच ओढून आणलं.

नर्सबाई : उपाशीपोटी आलात ना? बोट द्या इकडं. ... मामा, साखर १६८ आहे. जास्त आहे. आता मोठ्या दवाखान्यात रक्त तपासून खात्री करायची, आणि पायही दाखवायचा. आजच जा.

मामा : साखर? मला? मी चहा सोडून गोड काही खात नाही.

नर्सबाई : चहा किती?

मामा : सकाळी दोन, दुपारी एक. गावात बसलो की दोन-तीन. माणूस नको कसं म्हणावं?

नर्सबाई : आणि भाकऱ्या?

मामी : सकाळी तीन, रात्री तीन. वर भात. मोजायचं काम माझ्याकडंच आहे.

नर्सबाई : एका भाकरीच्या पिठात पन्नास ग्रॅमच्या आसपास पिष्ट असतं. सहा भाकऱ्यांचं झालं तीनशे. भात वेगळा.

मामा : आता भाकरीपण सोडू? ताई, आमचा जन्म भाकरीवर गेला. भाकरी नाही खाल्ली तर औतामागं उभं कोण राहील?

नर्सबाई : मामा, औत शेवटचं कधी धरलं?

मामा : (हसून) आता ट्रॅक्टरच येतो की.

नर्सबाई : भाकरी सोडा असं मी म्हणत नाही. तीनच्या जागी दीड-दोन घ्या आणि भात बंद ठेवा. कोरड्यास वाढवा. सध्या कोरड्यास किती असतं?

मामी : वाटीभर पातळ आमटी. कधी ठेचा. भाजी बाजाराच्या दिवशी.

नर्सबाई : इथंच चुकतं. भाकरी रगड आणि कोरड्यास बोटभर. ते उलटं करायचं.

मामा : मग साखरेऐवजी गुळाचा चहा चालंल ना? गूळ तर घरचा.

नर्सबाई : नाही मामा. गूळही उसाचाच. रक्तात गेला की दोघांचं एकच. मधाचंही तेच.

मामी : आन् उपास? यांचे सोमवार, गुरुवार, एकादशी. साबुदाणा तर लागतोच.

नर्सबाई : साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. वर बटाटा. उपास नावाला आणि साखर दुप्पट. उपासाला काकडी घ्या, दही-ताक घ्या, मूठभर शेंगदाणे घ्या. भगर खायची तर थोडी, शेंगदाण्याच्या आमटीसंगं. आणि गोळी सुरू झाली, की डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरायचा नाही. गोळी घेऊन उपाशी राहिलं तर साखर एकदम उतरते. घाम येतो, हात कापतात, चक्कर येते. तसं झालं तर मात्र लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची.

मामा : आमची मोसंबीची बाग हाय. तीबी खायची नाही का? कामून लावली मग?

नर्सबाई : खा की! एक मोसंबी सोलून, चोथ्यासकट खा. पण रस काढू नका. एका पेल्याला तीन-चार मोसंब्या जातात, चोथा टाकून देतो आणि वर साखर घालतो.

मामा : बरं. ज्वारी सोडून गहू खाऊ, का गहू सोडून ज्वारी?

नर्सबाई : ज्वारी-बाजरी चांगलीच. कोंड्यासकट पीठ असतं, पोटात टिकतं. पण ज्वारीची म्हणून चार खायची, असं नाही. माप कमी पाहिजे.

मामी : ताई, माझंबी बोट टोचा. आलेच आहे तर.

नर्सबाई : ... ११२. मामी, तुम्ही उंबरठ्यावर आहात. तुम्ही जेवता काय?

मामी : सगळ्यांचं झालं की बसते. कोरड्यास उरलं तर उरलं. नाही तर चटणी-भाकरी. भूक भागायला भाकरीच जास्त लागते.

मामा काही वेळ बोलले नाहीत.

मामा : एवढ्या वर्षांत ध्यानातच आलं नाही. आजपासून आमटीचं पातेलं मोठं घालू. आन् संगं जेवायला बसू.

७. ताट कसे वाढावे?

नर्सबाईंनी सांगितले ते त्यांच्या मनचे नाही. २०२५ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या त्याच पाहणीतून आपल्या देशाच्या जेवणाचा हिशोब छापून आला. आपण भारतीय लोक शंभरातली सुमारे ६२ भाग शक्ती कर्बोदकांतून घेतो. प्रथिने फार कमी घेतो. नुसते धान्य बदलले, पॉलिशच्या तांदळाऐवजी गहू किंवा ज्वारी-बाजरी घेतली, पण माप तेवढेच ठेवले, तर धोका कमी झालेला दिसला नाही. मात्र कर्बोदकांतला थोडा भाग काढून त्या जागी डाळी-कडधान्ये, दूध-दही, अंडी किंवा मासे घेतले, तर धोका कमी दिसला. भाकरी घटवा आणि कोरड्यास वाढवा, एवढाच याचा अर्थ.

डाळीतही पिष्ट असते. पण शंभर ग्रॅम ज्वारीत दहाएक ग्रॅम प्रथिने असतात, तर शंभर ग्रॅम तुरीच्या डाळीत बावीसच्या आसपास. डाळ सावकाश पचते, म्हणून साखर एकदम चढत नाही.

ताट असे वाढावे. ताटाचे मनाने चार भाग करा. दोन भाग भाजीचे. मेथी, अंबाडी, चुका, शेपू, वांगी, दोडका, गवार, काकडी, मुळा, जे रानात असेल ते. बटाटा भाजीत मोजू नका. तो भाताचा भाऊ आहे. तिसरा भाग घट्ट वरणाचा, पिठल्याचा, मटकी-मुगाच्या उसळीचा, हुलग्याचा किंवा अंड्याचा. चौथा भाग भाकरीचा, पोळीचा किंवा भाताचा. तीन्ही एका वेळी नकोत. जेवताना आधी भाजी आणि वरण खावे, भाकरी मागून. जवसाची किंवा कारळाची चटणी चवीला असावी.

हे महाग पडते का? पडते थोडे. पण घरची तूर आणि मूग विकताना घराला पुरेल एवढे मागे ठेवले, तर वर्ष निघते. परसात सांडपाण्यावर पालक, मेथी, वांगी, शेवगा होतो. चहाची साखर निम्मी केली, तर तेही पैसे वाचतात. चार कप चहात दोन-दोन चमचे म्हणजे रोज ४० ग्रॅम. एकेक चमचा केला, तर २० ग्रॅम वाचली. महिन्याला माणशी ६०० ग्रॅम झाली! एकदम कमी करू नका. आठवड्याला पाव-पाव चमचा कमी करा. जीभ सवय लावू तशी लागते.

जेवल्यावर लगेच आडवे होऊ नये. जुनी माणसे शतपावली करीत, ती शहाणपणाची होती. पंधरा-वीस मिनिटे चालले, की स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. सुगीत काम असते. सुगी सरली, की मुद्दाम चालावे.

आणि बाजारातला पुडा घेताना लेबल वाचावे. ते बहुधा इंग्रजीत किंवा हिंदीत असते. शाळेत जाणाऱ्या मुलीला साखरेची ओळ दाखवायला सांगा. आकडा आपण वाचा. साध्या ग्लुकोज बिस्किटांच्या शंभर ग्रॅममध्ये वीस-पंचवीस ग्रॅम साखर असते. आजारी माणसाला भेटायला जाताना हाच पुडा नेतो, हे बरे नव्हे. चार मोसंब्या न्याव्यात.

ज्यांना मधुमेह झाला आहे, त्यांनी घाबरू नये. गोळी वेळेवर घ्यावी. बरे वाटले म्हणून आपल्या मनाने ती थांबवू नये. कोणी झाडपाल्याने कायमचा बरा करतो म्हणाला, तरी डॉक्टरांची गोळी सोडू नये. रोज रात्री पाय धुऊन, पुसून, तळवे पाहावेत. आपल्याला दिसत नसेल, तर घरच्याला पाहायला सांगावे. अनवाणी फिरू नये. वर्षातून एकदा डोळे आणि मूत्रपिंडे तपासून घ्यावीत. असे जपून राहणारी माणसे नातवंडांची लग्ने पाहतात.

हे लक्षात ठेवा

१. गोड खात नसलो, तरी भाकरी-भाताची साखर होते.
२. काम कमी झाले, तर भाकरीही कमी हवी.
३. भाकरी घटवा. कोरड्यास वाढवा.
४. गूळ म्हणजे साखरच.
५. घरातल्या बाईच्या ताटातही वरण आणि भाजी हवी.
६. तिशी उलटली, की साखर तपासून घ्या. दुखण्याची वाट पाहू नका.

नवे शब्द

कर्बोदके : पिष्ट आणि साखर यांना मिळून म्हणतात. धान्य, बटाटा, साबुदाणा यांत पुष्कळ असतात.
प्रथिने : अंगाची वाढ आणि झीज भरून काढणारा अन्नातला भाग. डाळ, दूध, अंडी यांत असतात.
स्वादुपिंड : इन्शुलीन तयार करणारा पोटातला अवयव.
उंबरठा : इथे अर्थ, रोग जडण्याच्या आधीची पायरी.

अभ्यास

१. तुमच्या घरी महिन्याला किती साखर आणि किती गूळ लागतो? माणशी रोज किती ग्रॅम झाले, ते मांडा.
२. मोंढ्याच्या उदाहरणात हमाल कोण? गोदाम कोणते? गोदाम रिकामे कशाने होते?
३. आजोबांना पाच भाकऱ्या पचत होत्या, आपल्याला का पचत नाहीत? चार ओळी लिहा.
४. मामींना साखरेचा धोका का झाला? तुमच्या घरात शेवटी कोण जेवते?
५. करून पहा : घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचे पोट सुतळीने मोजा. ज्यांची टोके भेटली नाहीत, त्यांची नावे वहीत लिहा. पुढच्या आठवड्यात त्यांना घेऊन उपकेंद्रात जा आणि नावापुढे साखरेचा आकडा लिहून आणा.